आंशिक दाब: वायूंच्या मिश्रणात आणि द्रावणात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. आंशिक दाबाची गणितं मुलं भराभर सोडवतात, पण पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी का साचतं असं विचारलं की वर्ग गप्प होतो. दोन्हीचं उत्तर एकच आहे. मुलांनी, पालकांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आंशिक दाब म्हणजे नेमकं काय?

एका डब्यात तीन वायू मिसळलेले आहेत असं समजा. त्यातले दोन अलगद काढून घेतले आणि तिसरा एकटा त्याच डब्यात, त्याच तापमानाला राहिला, तर तो डब्याच्या भिंतीवर जेवढा दाब देईल तेवढा त्याचा आंशिक दाब. सगळ्यांचे आंशिक दाब मिळवले की मिश्रणाचा एकूण दाब येतो. हाच डाल्टनचा नियम.

गणितात: आंशिक दाब = मोल-अपूर्णांक (मिश्रणातल्या एकूण रेणूंपैकी त्या वायूच्या रेणूंचा हिस्सा) × एकूण दाब. कोरड्या हवेत ऑक्सिजन 20.95 टक्के आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा धरला, तर ऑक्सिजनच्या वाट्याला सुमारे 159 मिलिमीटर येतात, नायट्रोजनच्या वाट्याला 593 आणि आर्गॉनच्या वाट्याला जेमतेम 7. (पुढे नुसतं ‘मिमी’ लिहिलं आहे, ते पाऱ्याचे मिलिमीटर समजावेत.)

वायू एकमेकांच्या आड येत नाहीत का?

साध्या दाबाला जवळजवळ नाहीच. रेणूंच्या आकाराच्या मानाने त्यांच्यामधली मोकळी जागा इतकी जास्त असते की प्रत्येक वायू आपण एकटेच आहोत अशा थाटात वावरतो. इंग्लंडमधल्या जॉन डाल्टनला हे सुचलं ते हवामानाच्या नादातून. 1787 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1844 पर्यंत, तो रोज हवामानाची नोंदवही लिहीत होता. पाण्याची वाफ हवेत मिसळते तेव्हा नेमकं काय होतं, हा प्रश्न त्याला सतावत होता. 1801 साली त्याने नियम मांडला. वातावरणाचा अभ्यास करता करता हा माणूस अणुसिद्धांतापर्यंत पोचला, हे मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगते.

टक्केवारी माहीत आहे, मग आंशिक दाब हवा कशाला?

कारण शरीराला टक्केवारी कळत नाही, दाब कळतो. लेहच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच आहे, एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. पण लेहला हवेचा एकूण दाब सुमारे 493 मिमी, त्यामुळे ऑक्सिजनचा आंशिक दाब 103 मिमीवर येतो. एव्हरेस्टवर एकूण दाब 253 च्या आसपास, ऑक्सिजनचा फक्त 53.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून बिकट असते. नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकेत ओली होते, आणि 37 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब 47 मिमी असतो. हा आकडा उंचीप्रमाणे कमी होत नाही. मुंबईत 760 मधून 47 गेले तर 713 उरतात, त्याचे 21 टक्के म्हणजे 150. लेहमध्ये 493 मधून तेच 47 जातात, उरतात 446, आणि त्याचे 21 टक्के म्हणजे 94. एव्हरेस्टवर हा हिशेब 43 वर येतो. मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाला पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगतात, ते म्हणूनच. महाबळेश्वरला एकूण दाब 646 च्या आसपास असतो. तिथे चढावर दम थोडा जास्त लागतो, पण शरीर ते सहज सांभाळून घेतं.

‘आज आर्द्रता 85 टक्के’ म्हणजे हवेत 85 टक्के पाणी?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांची जी आर्द्रता बातम्यांत सांगतात ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा जास्तीत जास्त जेवढा आंशिक दाब असू शकतो, त्याच्या किती टक्के आज आहे, एवढंच ती सांगते. 30 अंशांना ही कमाल मर्यादा, म्हणजे संपृक्त बाष्पदाब, 31.8 मिमी. त्याचे 85 टक्के म्हणजे 27 मिमी. 760 पैकी 27, म्हणजे हवेतल्या दर शंभर रेणूंमागे साडेतीन रेणू पाण्याचे. जुलैत अंगाला चिकटणारी, कपडे वाळू न देणारी हवा ती हीच.

गरम हवा जास्त पाणी ‘धरून ठेवते’ हे खरं का?

बोलायला ठीक, पण मनात चित्र चुकीचं उभं राहतं. हवा म्हणजे स्पंज नव्हे. 30 अंशांच्या पाण्यावर हवा असो की निर्वात पोकळी, वाफेचा दाब 31.8 मिमीलाच थांबतो. डाल्टनला हेच आढळलं होतं. मर्यादा ठरवतं ते पाणी आणि त्याचं तापमान. नायट्रोजन आणि ऑक्सिजन आजूबाजूला नुसते असतात, फार तर बाष्पीभवनाचा वेग कमी करतात. विषय निघालाच आहे म्हणून सांगते, दमट हवा ‘जड’ वाटते, पण प्रत्यक्षात ती हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन 18, कोरड्या हवेचं सरासरी 29. त्याच दाबाला जड रेणूंच्या जागी हलके रेणू आले की घनता उतरतेच.

एसी लोकलमधून उतरल्यावर चष्म्यावर धुकं का जमतं?

गाडीत काच 24-25 अंशांपर्यंत गार झालेली असते. फलाटावरच्या हवेत वाफेचा आंशिक दाब 27 मिमी. 25 अंशांच्या काचेपाशी 23.8 मिमीपेक्षा जास्त वाफ वाफ म्हणून राहू शकत नाही. वरची वाफ काचेवर पाणी होऊन बसते. वाफेचा आंशिक दाब ज्या तापमानाला संपृक्त दाबाइतका होतो तो दवबिंदू. या उदाहरणात तो सुमारे 27 अंश येतो. चष्मा पुसून उपयोग नसतो, काच 27 च्या वर गेली की धुकं आपोआप उडतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, त्याचंही हेच कारण.

पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण वायू आणि द्रावण यांची गाठ इथे पडते.

आमच्या गिरगावातल्या घरी मिठाची चिनी मातीची बरणी ओट्याच्या कोपऱ्यात असायची. आई जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्यात तांदळाचे भाजलेले दाणे टाकायची. तरीही आषाढात झाकण उघडलं की कडेला मीठ ओलं होऊन खाली खारं पाणी साचलेलं असायचं. सगळे म्हणायचे, ‘मिठाला पाणी सुटलं.’ वास्तविक मिठातून काहीच सुटलेलं नसतं, पाणी हवेतून आलेलं असतं.

पाण्यात मीठ विरघळलं की पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचं प्रमाण घटतं आणि उरलेले रेणू मिठाच्या आयनांशी, म्हणजे विद्युतभारित कणांशी, बांधले जातात. म्हणून खाऱ्या पाण्याचा बाष्पदाब साध्या पाण्यापेक्षा कमी असतो. समुद्राच्या पाण्यात ही घट साधारण 2 टक्के. पण मीठ विरघळायचं थांबेल इतकं दाट खारं पाणी केलं, तर बाष्पदाब साध्या पाण्याच्या 75 टक्क्यांवर उतरतो. 30 अंशांना 31.8 च्या जागी सुमारे 24 मिमी.

आता स्वयंपाकघराच्या हवेकडे बघा. जुलैत वाफेचा आंशिक दाब 27, मिठाच्या कणाभोवतीच्या ओलाव्याचा 24. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे हवेतून मिठात पाणी जात राहतं, आणि मीठ संपेपर्यंत किंवा हवा कोरडी होईपर्यंत ते थांबत नाही. जानेवारीच्या दुपारी 30 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब 16 मिमीच्या खाली असतो. तेव्हा तेच ओलं मीठ पाणी हवेला परत देतं आणि त्याचा खडा बनतो.

थोडक्यात, 75 टक्के ही मिठाची रेघ. मुंबईत जून ते सप्टेंबर ही रेघ बहुतेक वेळ ओलांडलेली असते. खडे मीठ तर आधीच पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराईडचा अंश असतो आणि त्याची रेघ 33 टक्क्यांवर आहे. कपाटात ओल शोषायला ठेवतात त्या डब्यांमध्ये कॅल्शियम क्लोराईड असतं, त्याची रेघ आणखी खाली, 30 टक्क्यांच्या आसपास. ते कपाटातल्या हवेतून पाणी ओढून घेतं आणि डब्याच्या तळाशी साचवतं. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत पावसाळ्यात मीठ पिकवत नाहीत, त्याला पाऊस हे कारण आहेच. पण समजा पाऊस पडला नाही, तरी इतक्या दमट हवेत दाट खारं पाणी वाळलं नसतं.

राऊल्टचा नियम यापेक्षा वेगळा आहे का?

मिठाच्या गोष्टीचंच ते साधं रूप. फ्रान्सचा फ्रांस्वा राऊल्ट याने 1880 च्या दशकात मोजमापं करून दाखवलं की द्रावणावरचा एखाद्या घटकाचा आंशिक दाब = द्रवातला त्याचा मोल-अपूर्णांक × शुद्ध घटकाचा बाष्पदाब.

बेंझीन आणि टोल्युईन हे या नियमाचे आज्ञाधारक विद्यार्थी. 25 अंशांना शुद्ध बेंझीनचा बाष्पदाब 95 मिमी, टोल्युईनचा 28. सारखे मोल मिसळले तर वर बेंझीनचे 47.5 आणि टोल्युईनचे 14, एकूण 61.5 मिमी. द्रवात बेंझीन निम्मं, पण वाफेत 77 टक्के. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की प्रमाण आणखी वाढतं. माहुलच्या रिफायनऱ्यांमधले उंच मनोरे दिसतात ना, त्यांत हेच पायरीपायरीने चाललेलं असतं.

सगळी द्रावणं इतकी सरळ नसतात. अल्कोहोल आणि पाण्याचे रेणू एकमेकांत तितकेसे रमत नाहीत, म्हणून त्यांचा बाष्पदाब नियमापेक्षा जास्त येतो. वजनाने 95.6 टक्के अल्कोहोलला द्रव आणि वाफ यांचं प्रमाण सारखंच होतं. त्यापुढे नुसत्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ थंड करण्याने, अल्कोहोल शुद्ध करता येत नाही.

द्रवात विरघळलेल्या वायूला ‘दाब’ कसा असेल? तो भिंतीवर कुठे आदळतो?

शंका रास्त आहे. द्रवातला वायू तसा आदळत नाही. ‘या पाण्यात ऑक्सिजनचा आंशिक दाब 159 मिमी’ याचा अर्थ इतकाच की 159 मिमी ऑक्सिजन असलेली हवा या पाण्यावर ठेवली, तर ऑक्सिजन ना आत जाईल ना बाहेर येईल. समतोल राखणाऱ्या हवेतला दाब आपण द्रवाच्या नावावर लिहितो. एकदा हे पटलं की रक्ताचे रिपोर्ट, मासे, सोडा, सगळं सुटतं.

विल्यम हेन्रीने 1803 साली सांगितलं की ठरावीक तापमानाला विरघळलेल्या वायूचं प्रमाण त्याच्या वरच्या आंशिक दाबाच्या समप्रमाणात असतं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये माशांच्या दुकानात उभं राहून हे डोळ्यांनी बघता येतं. दुकानदार पिशवीत थोडंसं पाणी घेतो, मासा सोडतो, पिशवी दाबून वरची हवा बाहेर काढतो. मग सिलिंडरची नळी आत घालून पिशवी फुगवतो, पीळ देतो आणि रबरबँड गुंडाळतो. 30 अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन आला की आंशिक दाब जवळजवळ पाचपट होतो, म्हणून पाणी 35 मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन घेऊ शकतं. बदलापूरपर्यंत लोकलने नेलेला मासा जिवंत राहतो तो या पाचपटीच्या जोरावर. आणि पाणी जितकं तापेल तितका वायू कमी विरघळतो, म्हणून पिशवी खिडकीशी उन्हात धरू नका.

गोळी सोडा उघडल्यावर फसफसतो, तसंच काही?

तसंच. बाटलीच्या गळ्यात गोळी रबराच्या कडीवर दाबून धरलेली असते ती आतल्या कार्बन डायऑक्साईडच्या दाबाने. ही बाटली 1872 साली हायरम कॉड या इंग्रजाने पेटंट केली. 25 अंशांना 1 वातावरण (म्हणजे 760 मिमी) दाबाखाली लिटरभर पाण्यात दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साईड विरघळतो, 4 वातावरणांखाली 6 ग्रॅम. गोळी आत ढकलली की बाहेर या वायूचा आंशिक दाब 0.0004 वातावरण, म्हणजे जवळजवळ शून्यच. वायू सुटणारच.

इथे एक बारीक मुद्दा आहे. उरलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत छोट्या पंपाने हवा भरून ‘गॅस टिकवायचा’ प्रयत्न लोक करतात. एकूण दाब वाढतो, पण कार्बन डायऑक्साईडचा आंशिक दाब तिथल्या तिथेच. समतोल बदलत नाही. बाटली बर्फात ठेवण्याचा उपयोग त्याहून किती तरी जास्त, कारण 0 अंशांना हा वायू 25 अंशांच्या दुपटीहून अधिक विरघळतो.

हेन्री आणि राऊल्ट यांच्यातला फरक परीक्षेत कसा लिहावा?

दोन्हींत आंशिक दाब मोल-अपूर्णांकाच्या समप्रमाणात असतो. विरळ द्रावणात द्रावक (ज्यात विरघळतं तो) राऊल्टचा नियम पाळतो, द्राव्य (जे विरघळतं ते) हेन्रीचा. राऊल्टमध्ये स्थिरांक शुद्ध पदार्थाचा बाष्पदाब असतो, हेन्रीमध्ये तो प्रयोगाने मोजावा लागतो. एवढं लिहिलंत तरी पुरे.

आजोबांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये ऑक्सिजनचा दाब 95 आहे, पण डॉक्टर रक्त कमी आहे म्हणतात. दोन्ही खरं कसं?

दोन्ही खरं. रिपोर्टमधला आंशिक दाब फक्त प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रव भागात, मोकळा विरघळलेला ऑक्सिजन सांगतो. तो लिटरभर रक्तात 3 मिलिलिटरच असतो. निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे जवळपास 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि त्यातला बाकी सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला. चिकटलेला ऑक्सिजन दाबाच्या हिशेबात येत नाही. हिमोग्लोबिन निम्मं झालं तरी फुप्फुसं ठीक असतील तर दाब 95 च राहतो, फक्त वाहून नेलेला माल निम्मा होतो. दाबावरून ऑक्सिजन कोणत्या दिशेला जाईल ते कळतं. रक्तात किती आहे ते कळत नाही. रिपोर्टचा अर्थ मात्र डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

बाथरूममधला गॅस गिझर धोकादायक का म्हणतात?

कृपया हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बंद बाथरूममध्ये ज्वाळेला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. हवेत तो 0.1 टक्का, म्हणजे आंशिक दाब जेमतेम 0.76 मिमी असला, तरी काही तासांत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन अडकून पडू शकतं. ऑक्सिजनचा आंशिक दाब मात्र जवळजवळ होता तेवढाच असतो, म्हणून शरीराला धोक्याची सूचना मिळत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही फसतं, अडकलेलं हिमोग्लोबिन त्याला लालच दिसतं आणि ते 98-99 दाखवत राहतं.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं, तर लगेच गॅस बंद करून मोकळ्या हवेत या आणि इस्पितळ गाठा. तिथे शुद्ध ऑक्सिजन देतात, कारण ऑक्सिजनचा आंशिक दाब वाढला की हिमोग्लोबिनवरचा कार्बन मोनॉक्साईड किती तरी लवकर सुटतो.

तारकर्लीला स्कूबा करताना हे कुठे येतं?

दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर एकूण 4 वातावरणं, त्यात नायट्रोजन 3.1. हेन्रीच्या नियमाने तो रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. घाईने वर आलं की सोड्यासारखेच बुडबुडे शरीरात धरतात, म्हणून वर येताना सावकाश आणि त्याच दिवशी विमानप्रवास नको. मुंबई हायच्या तेलविहिरींपाशी समुद्र सुमारे 75 मीटर खोल आहे. तिथे साध्या हवेतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब 1.8 वातावरणांच्या जवळ जातो, आणि 1.6 च्या वर ऑक्सिजन झटके आणू शकतो. अशा खोलीवर काम करणाऱ्या पाणबुड्यांना कमी ऑक्सिजन आणि हेलियमचं मिश्रण देतात.

बंद भांड्यातल्या अभिक्रियेत निष्क्रिय वायू घातला तर तिचा समतोल सरकतो का?

आकारमान स्थिर असेल तर नाही. एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतल्या वायूंचे मोल, जागा आणि तापमान तेच, म्हणून आंशिक दाबही तेच. एकूण दाब स्थिर ठेवला असेल आणि अभिक्रियेत वायूंच्या मोलांची संख्या बदलत असेल तर मात्र हो. ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात अमोनिया बनवतात, तशा ठिकाणी ही खरीखुरी डोकेदुखी असते. हवेतून आलेला आर्गॉन अभिक्रियेत भाग घेत नाही, पण फिरत्या वायूत साचत जातो. एकूण दाबाचा दहावा हिस्सा त्याने अडवला की नायट्रोजन आणि हायड्रोजनचे आंशिक दाब तेवढे घटतात आणि अमोनिया कमी बनतो. म्हणून थोडा वायू सतत बाहेर काढावा लागतो.

पाण्यावर गोळा केलेल्या वायूचा दाब कसा काढायचा?

वजाबाकी. एकूण 755 मिमी, पाणी 25 अंशांना, तर 755 − 23.8 = 731.2 मिमी कोरडा वायू. बाहेरची आणि आतली पाण्याची पातळी सारखी करून मगच वाचन घ्या.

डाल्टनचा नियम कधी लागू होत नाही?

वायू एकमेकांशी अभिक्रिया करत असतील तेव्हा. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड एकत्र आले की पांढरा धूर होऊन घन पदार्थ बनतो, तिथे दाबांची बेरीज काय करणार? दाब फार वाढला किंवा तापमान फार उतरलं की रेणूंमधली ओढ जाणवू लागते, तिथेही नियम सैल होतो.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे का?

हवाबंद झाकणाचा मोठा डबा घ्या. त्यात एका वाटीत साधं पाणी आणि शेजारी बशीत दोन चमचे कोरडं मीठ ठेवा. वाटी आणि बशी एकमेकींना टेकू देऊ नका. झाकण लावून ठेवा. दिवस-दोन दिवसांत मीठ ओलसर होईल, मग त्याचं पाणी व्हायला लागेल. वाटीच्या आतल्या बाजूला पातळीची खूण केली असेल तर ती खाली गेलेली दिसेल. आठवडे गेले की बशीत मिठाचा कण उरणार नाही, तरी पाणी येतच राहील. बशी उथळ असेल तर ती भरून वाहायच्या आत खोलगट वाटीत बदला. मीठ विरघळून संपलं तरी खाऱ्या पाण्याचा बाष्पदाब साध्यापेक्षा कमीच असतो, म्हणून ही देवघेव साध्या पाण्याची वाटी कोरडी पडेपर्यंत चालते.